पालकांनी नेले

मुलांच्या हाडांच्या दवाखान्याला शंभर वर्षं होणार होती आणि त्यांना एक पुस्तिका हवी होती. मी शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. माझी भाची त्याच दवाखान्यात डॉक्टर, तिनं माझं नाव पुढे केलं.

"सोपं काम आहे गं मावशी," ती म्हणाली. "जुने फोटो गोळा करायचे, कोण कधी प्रमुख होतं ते लिहायचं, शेवटी सगळ्यांचे आभार. तुझा वेळ जाईल."

निवृत्त माणसाचा वेळ जायला हवा, याची काळजी त्याच्यापेक्षा त्याच्या नातेवाइकांनाच जास्त. मी हो म्हटलं.

मला तळमजल्यावर मागच्या बाजूची खोली दिली. भिंतीला लागून लोखंडी कपाटं, कपाटांत वॉर्डाच्या वह्या आणि खाली पत्र्याच्या सहा पेट्या. पेट्यांमध्ये तपकिरी पाकिटं, पाकिटांत एक्स-रेच्या फिल्म्स. पहिले आठ दिवस मी फक्त शिंकत होते. वह्या मात्र सुरेख होत्या. साठ वर्षांपूर्वीच्या कुणा मुख्य परिचारिकेचं अक्षर, मोत्यांसारखं. मुलाचं नाव, वय, कुठला पाय, कधी दाखल, कधी घरी, आणि शेवटी शेरा.

त्याच सुमारास भिंगरी आली.

तिचं खरं नाव वेगळं होतं, पण घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. वय पाच. तिची आई शाळांचे गणवेश शिवायची, वडील शाळेची बस चालवायचे. पोरगी दोन महिने लंगडत होती. आधी वाटलं, बूट चावतोय. मग वाटलं, नाटकं करतेय. एक्स-रे काढला तेव्हा कळलं की दुखणं गुडघ्यात नसून वर खुब्यात आहे.

मी त्या दिवशी एक वही दाखवायला भाचीच्या ओपीडीत गेले होते. तिनं मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि भिंगरीच्या आईची परवानगी घेऊनच पुढचं बोलणं सुरू केलं. आजार तिनं इतक्या सोप्या भाषेत सांगितला की मलाही समजला. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या वाटीत फिरतो. काही मुलांच्या गोळ्याचं रक्त काही काळ आटतं. गोळा मऊ पडतो, चेपतो, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत शरीर तो पुन्हा घडवतं. घडताना तो गोल झाला तर ठीक. चपटा झाला तर पुढे जन्मभर दुखणं.

"मग आता काय करायचं?" आईनं विचारलं.

भाचीनं उपचार सांगितला. दवाखान्याचा नियम ठरलेला होता. दोन्ही पाय फाकवून प्लास्टर, मध्ये आडवी काठी, पायावर अजिबात भार नाही. दीड वर्ष. त्यातले पहिले सहा महिने वॉर्डात.

"दीड वर्ष?" आई एकदम हसली. मस्करी वाटली असावी. मग तिचा चेहरा उतरला. "डॉक्टर, ही झोपेतसुद्धा उशीवर सापडत नाही."

भिंगरी तेव्हा टेबलाखाली होती आणि भाचीच्या चपलांचे पट्टे सोडून परत लावत होती.

"मला एक सांगा," आई म्हणाली. "अशी निजवून ठेवलेली मुलं मोठी झाल्यावर कशी चालतात? तुम्ही पाहिलंय का कुणाला?"

"मुलं चौदा-पंधरा वर्षांची होईपर्यंत आम्ही तपासतो."

"त्याच्या पुढे?"

"पुढे ती येत नाहीत."

"आणि ज्यांना असं निजवलंच नाही, ती?"

"तशी मुलं आमच्याकडे नाहीत," भाची म्हणाली. तिच्या आवाजावरून मला कळलं की हे उत्तर तिचं तिलाच पटलेलं नाही.

मांडीवरची वही मी आत्तापर्यंत चार वेळा चाळली होती. त्यात काही नावांवर जांभळ्या शाईची एक रेघ होती आणि शेऱ्यात दोन शब्द: 'पालकांनी नेले'. काहींपुढे परिचारिकाबाईंचा वैताग जोडलेला: 'समजावले. ऐकले नाही.' एकीपुढे तर, 'आजोबा सायकलवर बसवून घेऊन गेले. रडणे थांबले म्हणे!' पुस्तिकेत गंमत म्हणून टाकावं, एवढाच माझा विचार होता.

मायलेकी बाहेर गेल्यावर मी वही उघडून भाचीपुढे ठेवली. "तशी मुलं आहेत तुमच्याकडे. ही बघ."

तिनं वाचलं, पानं उलटली, परत मागे गेली. पुढचा पेशंट दारात येऊन उभा राहिला, तरी तिचं लक्ष नव्हतं.

"मावशी, आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही," ती हळूच म्हणाली. "निम्म्या मुलांना उपचार द्यायचा आणि निम्म्यांना नाही, असं करता येत नाही. पण इथं तो आपोआप होऊन बसलाय. साठ वर्षं झाली आणि निकाल कुणी पाहिलेलाच नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या सरांकडे गेलो. दवाखान्याचे प्रमुख, सत्तरीला टेकलेले, ताठ. नियम त्यांच्या गुरूंनी घातलेला आणि त्यांनी तो डोळ्यांत तेल घालून पाळलेला. त्यांनी वही चष्मा काढून वाचली.

"बाई, तुम्हाला पुस्तिका लिहायला बोलावलंय."

"हो. तीच लिहितेय."

"या पळवून नेलेल्या मुलांतली चार धडधाकट म्हातारी तुम्ही शोधून आणाल आणि म्हणाल, बघा, काही करायची गरजच नव्हती. अर्धवट इतिहास म्हणजे अफवा." त्यांनी वही मिटली. मला वाटलं, संपलं. पण ते पुढे म्हणाले, "शोधायची तर सगळी शोधा. नेलेली आणि राहिलेली, दोन्ही. दवाखान्याच्या समितीची परवानगी घ्या. जे येतील त्यांचे नवे एक्स-रे काढा आणि नावं झाकून माझ्यापुढे ठेवा. कोण नेलेला, कोण राहिलेला, हे मला सांगायचं नाही."

मला माणूस तिथंच आवडला. वर्गात असा एक विद्यार्थी असला की शिकवणं सार्थकी लागतं.

"आणि त्या पाच वर्षांच्या मुलीचं काय, सर?" भाचीनं विचारलं.

सरांनी भिंगरीची फिल्म परत एकदा उजेडात धरली. "तीन महिने देतो. उड्या बंद, दुखलं तर कुबड्या, रोजचा व्यायाम, दर सहा आठवड्यांनी एक्स-रेचा फोटो. गोळा वाटीबाहेर सरकायला लागला तर तुमची वही बाजूला ठेवायची आणि प्लास्टर घालायचं. आईला हे सगळं स्पष्ट सांगा आणि मगच तिला काय हवं ते विचारा."

आईनं ऐकलं, नवऱ्याला फोन केला आणि तीन महिने मागून घेतले.

माझी वणवण सुरू झाली. बारा वर्षांच्या वह्यांत या आजाराची एकशे त्रेसष्ट मुलं होती, त्यातली सदतीस नेलेली. साठ वर्षांत माणसं घरं बदलतात, गावं बदलतात, बायका आडनावं बदलतात, आणि काही जातात. मी शाळांचे दाखले पाहिले, मतदार याद्या चाळल्या, पत्रं टाकली. एका घरी मला विमा विकणारी समजून दार लावून घेतलं. दुसऱ्या घरी ज्या गृहस्थांशी दोन तास बोलले, त्यांचं फक्त नाव तेच होतं. त्यांचा खुबा ठणठणीत होता, कारण त्यांना तो आजार झालाच नव्हता. नाकी नऊ आले, पण हळूहळू माणसं सापडायला लागली.

सायकलवरून नेलेली मुलगी सापडली दुसऱ्या महिन्यात. पासष्ट वर्षांच्या, उन्हानं रापलेल्या, मोठ्या आवाजाच्या बाई. "मी काय काम करत होते, ओळखा," त्या म्हणाल्या. मला ओळखता आलं नाही. "टपाल! तेहेतीस वर्षं. पायी. चढाची सगळी घरं माझ्याकडे होती, पुरुष मंडळी नको म्हणायची ना!" आजोबांबद्दल विचारलं तर त्यांचा आवाज मऊ झाला. "मी वॉर्डात जेवायचं बंद केलं होतं. आजोबा म्हणाले, लंगडी नात चालेल, पण अशी नको. त्यांना शास्त्र कुठलं कळत होतं? नशिबानं साथ दिली."

त्यांचं पाकीट मी पेटीतून काढलं, तर आत चार फिल्म्स निघाल्या. दोन दाखल असतानाच्या आणि दोन नंतरच्या. पाकिटावर तेच मोत्यांसारखं अक्षर: 'आजोबा फोटोपुरते आणतात. दाखल करण्यास नकार.' म्हणजे म्हाताऱ्यानं नातीला नेलं होतं, पण वाऱ्यावर सोडलं नव्हतं. मी ते पाकीट भाचीकडे दिलं.

त्यानंतर तीनच आठवड्यांत भिंगरीचा दुसरा फोटो आला आणि आमचं धाबं दणाणलं. गोळा चेपून निम्म्या उंचीचा झाला होता आणि त्याचे तुकडे पडल्यासारखे दिसत होते. मला त्यातलं काही कळत नाही, पण चुरलेलं बिस्कीट कसं दिसतं ते कळतं.

"झालं," सर म्हणाले. "प्लास्टर."

भिंगरीची आई बाहेर बाकावर बसली होती. भाचीनं हातातलं पाकीट उघडलं आणि टपालवाल्या बाईंची तिसरी फिल्म भिंगरीच्या फिल्मशेजारी, दिव्याच्या पेटीवर लावली. साठ वर्षांचं अंतर असलेले दोन खुबे शेजारी शेजारी. दोन्हींत तोच चुरा, तेवढाच चपटेपणा. मग तिनं चौथी फिल्म लावली. चुऱ्यातून नवं हाड धरायला लागलं होतं. शेवटी आठवड्यापूर्वीचा नवा एक्स-रे. गोळा गोल. अगदी काटेकोर गोल नाही, पण वाटीत नीट बसलेला.

"एका पेशंटवरून नियम ठरत नाही," सर म्हणाले.

"माहितीये सर. म्हणून आणखी सहा पाकिटं आणलीत. सगळी सहा वर्षांच्या आतल्या मुलांची. पाच मुलांच्या फोटोत हाच चुरा दिसतो, आणि पुढच्या फोटोत नवं हाड. तो गोळा घडण्याच्या वाटेवरचा टप्पा आहे. आणि हिचा गोळा अजून वाटीबाहेर सरकलेला नाही, तुम्हीच मोजा."

सरांनी पट्टी घेऊन मोजलं. खात्री पटेना म्हणून परत मोजलं.   चूक झाली असती तर एका पाच वर्षांच्या मुलीचा खुबा जाणार होता आणि दोष भाचीच्या एकटीच्या माथी येणार होता.

"आणखी सहा आठवडे," सर म्हणाले. "पण रोज कुशीवर वळता येतं का, पाय बाहेर किती जातो, हे आईला वहीत लिहायला सांगा. आळस नको."

आईनं आळस केला नाही. शिवणाच्या टेपनं ती रोज दोन गुडघ्यांमधलं अंतर मोजायची आणि गणवेशाच्या मापांच्या वहीत लिहायची. पुढच्या फोटोत चुऱ्याच्या कडेला पांढरी रेघ दिसली. नवं हाड.

इकडे माझी माणसं वाढत होती, आणि सगळीच आनंदाची नव्हती. एका ग्रंथालयात काम केलेल्या बाई भेटल्या, वॉर्डात पूर्ण दोन वर्षं राहिलेल्या. खुबा उत्तम. त्या तेव्हा चार वर्षांच्या होत्या आणि आईवडिलांना भेटायला महिन्यातून एक रविवार, दोन तास, एवढीच परवानगी.

"माझ्या पायाचं काम चोख झालं," त्या म्हणाल्या. "घरी नेलं त्या दिवशी मी आईला विचारलं, 'बाई, मला पाणी मिळेल का?' आईला बाई म्हणाले मी. ती आत जाऊन रडली ते मला ऐकू आलं, आणि का रडतेय ते कळलं नाही."

हे मी जसंच्या तसं लिहून घेतलं. त्याला कुठला रकाना नव्हता, म्हणून नवा आखला.

आणि एक घड्याळजी भेटले. नवव्या वर्षी दाखल झालेले, चार महिन्यांत 'पालकांनी नेले'. दुकानात उंच स्टुलावर बसायचे, कारण खालच्या खुर्चीतून उठता यायचं नाही. बुटाची नाडी बायको बांधायची. खुबा धोंड्यासारखा कडक.

"माझी आई मला घेऊन आली," ते भिंगातून डोळा न काढता म्हणाले. "मी रोज रडायचो म्हणून. तिच्यासारखी माया कुणी केली नाही. मला फक्त एवढंच जाणून घ्यायचंय, तिचं चुकलं का?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "अजून माहीत नाही. कळलं की सगळ्यात आधी तुम्हाला सांगेन."

चौदा महिन्यांनी एकाहत्तर जणांचे एक्स-रे जमले; सरांनी आधीच पाहिलेला टपालवाल्या बाईंचा त्यात धरला नाही. नावांवर मी तपकिरी कागदाच्या पट्ट्या डकवल्या, आकडे घातले आणि गठ्ठा सरांकडे नेला. त्यांनी चार दिवस लावून एकेक फिल्म तपासली, गुण दिले. पाचव्या दिवशी त्यांच्यासमोर आम्ही पट्ट्या काढल्या.

सहा वर्षांच्या आत आजार झालेल्यांमध्ये नेलेले आणि राहिलेले, दोघांचे खुबे सारखेच होते. कुणाला काही फरक काढता आला नसता. सहा ते आठमध्ये चित्र संमिश्र. आठच्या पुढे मात्र नेलेल्यांचे हाल झाले होते, राहिलेले बरेच बरे होते.

सर खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे लहान मुलांना आम्ही उगाच बांधून ठेवलं."

"तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, सर," भाची म्हणाली.

"माहीत करून घेता आलं असतं. वह्या खालीच होत्या. मी त्या खोलीवरून रोज जिना चढलोय." ते खिडकीशी गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "तीनशेच्या वर असतील माझ्या हातची." मग ते परत टेबलाशी आले. चेहरा थकलेला, पण हातात पेन होतं. "आकडा लहान आहे. इतर दवाखान्यांना लिहा, त्यांच्याही पेट्या असतील. तोवर आपला नियम मी आज बदलतो. सहाच्या आतल्यांना प्लास्टर नाही, नजर ठेवायची. आठच्या पुढच्यांना उशीर करायचा नाही, आणि त्यांच्या आईबापांना सोडायचं नाही. कारण सांगा त्यांना. आमच्या लोकांनी फक्त हुकूम दिला; का ते सांगितलं असतं तर निम्मी मुलं नेली नसती." मग माझ्याकडे वळून, "आणि बाई, तो तुमचा नवा रकाना. वॉर्डात प्रत्येक खाटेशेजारी घरच्या एका माणसाची खाट लावायची. ते रविवार-बिविवार बंद."

आमच्याकडे रविवारचा नियम केव्हाच सैल झाला होता, पण रात्री राहायची परवानगी अजून नव्हती. ती त्या महिन्यात मिळाली. तीन दवाखान्यांनी त्यांच्या वह्या पाठवल्या. दोघांचा निष्कर्ष आमच्याशी जुळला, तिसऱ्याचा थोडा वेगळा आला आणि त्यावर भाची अजून भांडतेय.

भिंगरी आता नऊ वर्षांची आहे. तिचा गोळा भरला. डावा खुबा उजव्यापेक्षा किंचित रुंद आहे, पाय बाहेरच्या बाजूला थोडा कमी जातो, आणि ती दिवसभर कुठं असते हे आईला विचारून उपयोग नाही. गेल्या वेळी तपासायला आली तेव्हा टेबलावर चढली, उतरली, परत चढली आणि भाचीला म्हणाली, "माझं झालं, आता तुम्ही चढा."

घड्याळजींना मी शब्द दिला होता. निकाल लागला त्याच संध्याकाळी दुकानात गेले आणि खरं ते सांगितलं. नऊ वर्षांच्या मुलाला नेलं नसतं तर बहुधा बरं झालं असतं, पण हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. तुमच्या आईला कुणी कारण सांगितलंच नाही, फक्त 'समजावले. ऐकले नाही.' असं लिहून ठेवलं. त्यांनी भिंग काढून ठेवलं. मग दुकानाचं शटर अर्धं ओढून माझ्यासाठी चहा मागवला.

दोन महिन्यांनी भाचीनं बोलावलं म्हणून ते काठी टेकत ओपीडीत आले. भाचीकडे दहा वर्षांचा एक मुलगा होता, आजार जोरात. ऑपरेशन आणि मग काही महिने खाट. त्याची आई सामान भरून निघालीच होती. पोराचं रडणं बघवत नाही म्हणून. घड्याळजी तिच्या शेजारच्या बाकावर, उठता येईल अशा बेतानं कडेला टेकले.

"ताई, रडू दे त्याला," ते म्हणाले. "तुम्ही जवळ बसा. आता बसू देतात. माझ्या आईला बसू दिलं नव्हतं."

मग त्यांनी तिला आपली नाडी दाखवली, ती कोण बांधतं ते सांगितलं, आणि कधीपासून ते सांगितलं. बाई ऐकत राहिली. मध्येच तिनं पिशवी बाकाखाली सरकवली. मुलगा आतून हाक मारत होता. ती उठली आणि दार ढकलून आत गेली.